तालुका विधी सेवा समिती: माहेरच्या जमिनीसाठी घेतलेली मोफत मदत

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं काम चालतं. तिथे वकील फुकट मिळतो, कोर्ट फी आणि नोटिशीचा खर्चही समितीच करते. बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कलम 12 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे मात्र पक्का समज आहे की पिवळं रेशनकार्ड असलेल्यांनाच तिथे उभं करतात. माझे मालक शिक्षक, त्यामुळे ‘तुझं काम तिथे होणार नाही’ असं मला सगळ्यांनी सांगितलं. पण झालं, आणि म्हणूनच हे लिहितेय.

माझं काम माहेरच्या जमिनीचं होतं. वडील 2022 मध्ये गेले. वडिलोपार्जित चार एकर बागायत. वारस म्हणजे आई, धाकटा भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी. दहावा झाला आणि चुलत्यांनी हक्कसोडपत्राचा विषय काढला. गाडी सांगितलीय, दोघींनी निबंधकाकडे येऊन सह्या करायच्या, साडीचोळीला भाऊ काही कमी करणार नाही. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर राहत नाही, हे आत्यानं सांगितलं. तिनं तिच्या वेळी सही केली होती.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट पुढे केली गेली. ‘आक्का, तुझं लग्न 1991 चं. तुला तसाही हक्क नाही, सही फक्त नावाला.’ ही गोष्ट गावोगाव ऐकू येते आणि तिचं मूळ खऱ्या कायद्यात आहे. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आणलं, केंद्राच्याही आधी. पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. माझ्या पिढीच्या कितीतरी बायका एवढ्यावरच गप्प बसल्या आहेत.

समितीच्या टेबलावर ज्या बाई होत्या, त्या वकील नव्हत्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेविका होत्या. त्यांनी आधी एकच विचारलं: 20 डिसेंबर 2004 च्या आधी घरात रीतसर, नोंदलेलं वाटप झालं होतं का? नव्हतं झालं. मग त्यांनी सांगितलं की 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती लागू आहे आणि तिच्यात मुलीच्या लग्नाच्या तारखेची अट नाही. मुलीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो. त्या दिवशी वडील हयात असायला हवे होते का, हा वाद सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला: तशी गरज नाही. हे सगळं त्यांनी मला समजेल अशा मराठीत सांगितलं, मध्ये दोनदा थांबून ‘कळलं का?’ असं विचारलं. अर्जाच्या पाठीमागे त्यांनी हिशेबही मांडून दाखवला. आमच्या घरात चौघांचा सारखा चौथा हिस्सा, म्हणजे प्रत्येकी चाळीस गुंठे.

“आईलाही?” मी विचारलं. “आईलाही,” त्या म्हणाल्या.

माझ्या आईनं त्या रानात जन्म काढला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कुठे कुठे नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन केली. आमच्या घरापर्यंत ती हाक आली नाही. त्यामुळे तिचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

दावा लावावा लागला नाही. समितीनं भावाला नोटीस काढून बोलावलं. तो चुलत्यांना घेऊन आला. वकील मॅडमनी चुलत्यांना बसवून घेतलं, पण बोलायला भावालाच सांगितलं आणि तेव्हा कुठे खरं कारण निघालं: पाइपलाइनसाठी त्यानं सोसायटीचं कर्ज काढलं होतं, बहिणी जमीन विकतील अशी भीती त्याला होती. जमीन त्यानंच कसायची, आईला दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची, सातबारावर नावं चौघांची, असं ठरलं. तडजोड लोकअदालतीत ठेवली गेली. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून कागद नीट वाचून मगच सही करा.

धाकटीला तिचा हिस्सा भावाला द्यायचा होता. तिला कुणी अडवलं नाही. एवढंच सांगितलं की हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. आधी नाव लागू दे, द्यायचं तर नंतर कधीही देता येईल. ती अजून विचार करतेय. मला हा सल्ला फार आवडला.

आता उणिवा. आमच्याकडचं टेबल बोळात आहे. मारहाणीची तक्रार घेऊन आलेली बाई आणि जमिनीची माणसं एकाच बाकावर, सगळ्यांना सगळं ऐकू जातं. वेगळी खोली हवीच. पहिल्यांदा नेमलेले वकील तारखांना आले नाहीत. अर्ज दिल्यावर बदलून मिळाले, पण त्यात बराच वेळ गेला. वारस नोंदीचं काम समिती करत नाही, त्यासाठी तलाठ्याकडेच जावं लागतं. तिथे अर्जानंतर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात.

माझी खरी तक्रार फलकाची आहे. या सेवेचा फलक कोर्टाच्या आत लावलाय. बायकांच्या सह्या होतात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. दशक्रियेनंतर गाडीत बसवून आणलेली बहीण कोर्टाची पायरी चढतच नाही. सही करण्याआधी समितीची बाई तिच्याशी पाच मिनिटं एकटीशी बोलली, तर 2005 चा कायदा तिच्यापर्यंत पोचेल. हे मी समितीला लेखी दिलंय.

पाचपैकी चार तारे. जाताना वडिलांचा मृत्यू दाखला, सातबारा, आठ-अ, जुने फेरफार आणि आधार कार्ड न्या. कुठे जायचं कळत नसेल तर 15100 वर फोन करा. अनुसूचित जमातींना हा वारसा कायदा थेट लागू नाही, त्या बहिणींनी सही करण्याआधी तर नक्कीच विचारून घ्यावं.