विकास मंडळ की जिल्हा नियोजन समिती: पाठपुरावा कुठे करावा?

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मागास तालुक्यात काम करणाऱ्या संघटनेपुढे तेव्हापासून एक प्रश्न आहे: मंडळांच्या पुनर्स्थापनेसाठी लढावे, की जिल्ह्याचा वार्षिक विकास आराखडा ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीच्या दारात बसावे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) नुसार १९९४ मध्ये स्थापन झालेली मंडळे स्वतः कामे करणारी यंत्रणा नव्हती. अनुशेष, म्हणजे इतरांच्या तुलनेत मागे राहिलेला विकास, मोजणे, शिफारशी करणे आणि त्याचा अहवाल विधिमंडळापुढे जाणे, हे त्यांचे मुख्य काम. मात्र त्यांच्यामागे राज्यपालांची विशेष जबाबदारी उभी होती, आणि सिंचनाच्या निधीची विभागवार वाटणी राज्यपालांच्या निर्देशांनी झाली, हे विसरता येत नाही. मोठे धरण, तंत्रशिक्षण किंवा शासकीय नोकऱ्यांतील वाटा हे प्रश्न कोणत्याही एका जिल्ह्याच्या आराखड्यात मावत नाहीत.

मंडळाची उणीव वेगळी आहे. पुणे आणि नंदुरबार एकाच मंडळात असतील, तर विभागाची सरासरी नंदुरबारमधल्या अक्कलकुवा तालुक्याबद्दल काय सांगणार? प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष जिल्हावार मोजला होता, आणि पुढे केळकर समितीने तर तालुका हेच एकक धरले; मंडळांची रचना मात्र तीन विभागांवरच थांबली.

जिल्हा नियोजन समिती गावाच्या जवळ आहे. आरोग्य उपकेंद्राचे गळके छत घ्या: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा असा कागदाचा प्रवास जिल्ह्याच्या ठिकाणीच होतो, आणि फाइल कोणत्या टेबलावर अडली हे एका हेलपाट्यात कळू शकते. पण पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव असलेल्या या समितीत यादी बैठकीआधीच ठरत असेल, तर ‘नियोजन’ हा शब्द नावापुरता उरतो. घटनेनुसार समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. २०२२ पासून यांपैकी बहुतेक संस्थांवर दीर्घकाळ प्रशासक राहिले, तेव्हा हा कणाच मोडला, आणि मला ही हानी मंडळांच्या मुदतीपेक्षाही गंभीर वाटते.

म्हणून मागणी रस्ता, शाळाखोली, उपकेंद्र यांची असेल, तर पुढील वर्षाचा प्रारूप आराखडा तयार होण्याआधीच, दिवाळीच्या सुमारास, ग्रामसभेचा ठराव आणि जागेची कागदपत्रे घेऊन जिल्हा नियोजन कार्यालय गाठावे; मार्चअखेरीस निधी खर्ची घालण्याच्या घाईत नव्या कामाला कोणी वाली नसतो. पाण्याच्या किंवा नोकऱ्यांच्या वाट्याचा प्रश्न असेल, तर मंडळाची मागणी जरूर करावी, परंतु तालुकानिहाय अनुशेष दरवर्षी प्रसिद्ध करण्याचे बंधन त्या मागणीतच लिहून घ्यावे.