लंडनचा फ्लॅट: पाहुण्यांना अख्खा द्यावा की एक खोली?

दिवाळीला सहा आठवडे पुण्याला जायचं, तर तेवढ्यात लंडनचा फ्लॅट रिकामा का ठेवायचा? इथल्या बऱ्याच मराठी घरांत हा विषय निघतो. एक तर आपण नसताना अख्खं घर पैसे देऊन थोडे दिवस राहणाऱ्या पाहुण्यांना द्यायचं, नाहीतर आपण राहत असतानाच एक खोली वर्षभर चालवायची.

कराच्या बाबतीत दोन्हींत फारसं अंतर नाही. ‘रेंट अ रूम’ या ब्रिटिश सरकारच्या करसवलतीत वर्षाला £7,500 पर्यंतची जमा करमुक्त असते. घर तुमचं मुख्य राहतं घर असेल, तर सुट्टीपुरतं अख्खं दिलं तरी ती मिळू शकते. त्या काळात मालकही घरात हवा, अशी अट 2018 मध्ये येऊ घातली होती, पण ती वगळली गेली. चूक होते ती हिशोबात. मर्यादा एकूण जमेवर लागते, म्हणजे सफाईचे पैसे धरायचे आणि बुकिंग साइटचं कमिशन वजा करायचं नाही. £50 ची खोली 150 रात्रींत मर्यादा गाठते, £125 चं घर 60 रात्रींतच. भाडं नवरा-बायको दोघांच्या नावे येत असेल, तर प्रत्येकी £3,750.

लंडनमध्ये अख्ख्या घराला वर्षाला 90 रात्रींची मर्यादा आहे. त्यापुढे कौन्सिलची प्लॅनिंग परवानगी लागते. ही मोजणी घराची होते, साइटवरच्या खात्याची नाही. एका साइटवर 60 आणि दुसरीवर 35 झाल्या, तर दोन्हींचे आकडे मर्यादेत दिसतात आणि तुम्ही मात्र 95 वर असता. त्यात रात्री मोजायच्या जानेवारी ते डिसेंबर आणि कर 6 एप्रिल ते 5 एप्रिल, त्यामुळे वही दोन पद्धतींनी ठेवावी लागते.

पण माझ्या लेखी पारडं फिरतं ते लीजमुळे. लंडनचे बहुतेक फ्लॅट लीजहोल्ड असतात, म्हणजे लीज नावाच्या लांब मुदतीच्या कराराने फ्लॅट तुमचा, पण जमीन-इमारत दुसऱ्या मालकाची (फ्रीहोल्डरची), आणि लीजमध्ये कुठेतरी एक ओळ असते: ‘खासगी निवासाखेरीज अन्य वापर करू नये.’ चार-आठ दिवसांसाठी अख्खा फ्लॅट देणं हा अशा कलमाचा भंग आहे, असं अप्पर ट्रायब्यूनलने (असे वाद ऐकणाऱ्या वरच्या न्यायाधिकरणाने) 2016 मध्ये ठरवलं. त्या प्रकरणातली मालकीण अधूनमधून स्वतः तिथे राहत होती, तरीही. कौन्सिलच्या 90 रात्री पाळल्या म्हणून फ्रीहोल्डर गप्प बसत नाही. तो कायदा वेगळा, हा करार वेगळा. कर्ज देणाऱ्या बँकेची संमती आणि घराचा विमा हे आणखी दोन कागद. पाहुण्याने केलेली चोरी नेहमीच्या पॉलिसीत बहुधा बसत नाही.

खोलीलाही लीज सुटत नाही. काही करारांत ‘पेइंग गेस्ट ठेवू नयेत’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लेखी फायर रिस्क असेसमेंट (आगीच्या धोक्याची पाहणी) आणि वर्षाला गॅसची तपासणी दोन्हीकडे लागते. शिवाय स्वयंपाकघरात रोज परका माणूस, हे प्रत्येकाला झेपेलच असं नाही. तरी मालक घरात असला की जिन्यात अनोळखी माणसं, मध्यरात्रीचा गोंगाट, चुकीच्या दिवशी बाहेर ठेवलेला कचरा या तक्रारी मुळातच कमी होतात, आणि फ्रीहोल्डरचं पत्र बहुधा अशाच तक्रारींतून येतं.

बाहेरचा कलही तोच दिसतो. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023 पासून तीस दिवसांखालच्या मुक्कामाला मालक घरात हवा आणि पाहुणे दोनच, हा नियम नोंदणीसह कडक केला. पॅरिसने 2025 पासून राहत्या अख्ख्या घराच्या रात्री 120 वरून 90 वर आणल्या.

घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट तुमचं असेल आणि वर्षातून एकदाच सहा आठवडे बाहेर असाल, तर अख्खं द्यायला हरकत नसावी. फ्लॅट असेल तर मी खोलीच सुचवेन, तीही लीजचं ‘वापर’ कलम वाचून आणि मॅनेजिंग एजंटकडून (फ्रीहोल्डरतर्फे इमारत सांभाळणाऱ्याकडून) ईमेलवर लेखी उत्तर घेऊन, मगच पहिलं बुकिंग.