ड्रायअडसमोर कोणाचे नियम टिकतात?

जंगलात घडणारी नवी कॅम्पेन (अनेक बैठका चालणारी सलग गोष्ट) सुरू करायची आहे, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी), पाथफाइंडर की पेंड्रॅगन, यांपैकी कोणता रोलप्लेइंग (पात्र बनून खेळायचा) खेळ घ्यायचा यावर ग्रुपचं अडलंय? मग तिन्ही खेळ एका ड्रायअडसमोर, म्हणजे झाडाशी बांधलेल्या वनदेवतेसमोर, उभे करून पाहा. ऑर्क (रानटी राक्षस) आला की तलवार उपसायची, तिथे पात्राचा स्वभाव कोण विचारतो! ड्रायअड मात्र भुरळ घालते, वचन मागते, आणि आपल्या झाडाला कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

डीअँडडीत स्वभावासाठी अलाइनमेंट, म्हणजे पात्राच्या नीतीचा शिक्का, आहे. 1974 साली त्यात लॉ (शिस्त), न्यूट्रल (तटस्थ), केऑस (बेबंदपणा) एवढंच होतं; 1978च्या प्लेयर्स हँडबुकात नऊ कप्पे झाले. 2014च्या नियमांत ड्रायअड न्यूट्रल, तर ट्रीअंट (चालतं-बोलतं झाड) केऑटिक गुड, म्हणजे बेबंद पण भला. डीएमला (खेळ चालवणाऱ्याला) अंदाज घ्यायला हे बरं पडतं. पण तिने भुरळ घातली की विजडमचा (शहाणपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा, 14 गाठायचे, संपलं. फाशात मिळवायचा बोनस सारखा असेल तर व्रतस्थ पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि रंगेल बार्ड (गाणारा जादूगार) यांत नियमाला काही फरक दिसत नाही. स्वभावाप्रमाणे वागल्यावर डीएमने इन्स्पिरेशन (बक्षीस म्हणून फाशाला मदत) द्यावं अशी सोय आहे खरी. माझ्या पाहण्यात ती सगळेच विसरतात.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या पेंड्रॅगनमध्ये (1985) स्वभाव हाच खेळ आहे. गुणांच्या 13 जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज 20. तुमच्या नाइटचा संयम 6 असेल तर वासना 14. वनातली सुंदरी हसली की वीस बाजूंचा फासा टाकायचा: आधी संयमावर, तो हुकला तर वासनेवर. दोन्ही हुकले तरच निर्णय तुमच्या हाती. गुण 16 किंवा त्याहून जास्त झाला की नाइटची त्यासाठी ख्याती होते, आणि मग त्याला त्याविरुद्ध वागणं सोपं राहत नाही. साहसात गुणासमोर खूण मिळाली असेल तर खेळातल्या हिवाळ्यात फासा टाकून तो वाढूही शकतो. म्हणजे वनदेवतेची भेट पात्रावर कायमची उमटते. मला हेच सर्वांत आवडतं. अडचण एवढीच की इथे तुम्ही आर्थरच्या काळातले नाइटच. ड्रुइड (निसर्गाची जादू करणारा पुजारी) खेळायचा असेल तर हे पुस्तक नको.

ड्रुइडसाठी पाथफाइंडर. 2023च्या रीमास्टरमध्ये (सुधारलेल्या नियमपुस्तकांत) अलाइनमेंट काढून टाकलंय; काय करावं आणि काय निषिद्ध, एवढंच पात्रापुढे असतं. लीफ ऑर्डरच्या (वनस्पती जपणाऱ्या पंथाच्या) ड्रुइडला विनाकारण झाडं मारणं निषिद्ध. निषिद्ध कृत्यं वारंवार केली तर जादू जाते. ड्रायअडशी बोलणी करायला एवढा धाक पुरतो. शिवाय नियम ऑनलाइन फुकट वाचता येतात.

ग्रुप नवखा असेल तर डीअँडडी घ्या आणि पेंड्रॅगनमधल्या दोन-तीन जोड्या त्यात उचला. पण आधी खेळाडूंना विचारा. ‘तुझा नाइट मोहात पडला’ हे फाशाने ठरवलेलं काहींना अजिबात चालत नाही.