जुना एचएमटी की नवा मिनी लेथ? घरच्या मशीन शॉपसाठी काय घ्यावं

घरी छोटं मशीन शॉप काढायचं म्हटलं की गाडी इथेच अडते, भोसरीत नाहीतर शिरोलीला बंद पडलेल्या युनिटमधला एचएमटी कंपनीचा जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं मशीन) उचलावा की ऑनलाइन मिळणारा चायनीज मिनी लेथ मागवून मोकळं व्हावं. माझा कल जुन्याकडे आहे हे आधीच सांगतो, म्हणजे त्या हिशोबाने वाचा.

निम्मा निर्णय जागेवरच होतो. मिनी लेथ, तो ७ बाय १४ इंचवाला, साधारण ४० किलोचा, दोघांनी धरला की टेबलावर. एचएमटीचा एलबी १७ मात्र टनाच्या वर जातो, त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट असेल तर हा विषयच काढू नका. तळमजला, बंगल्यामागची शेड, गावाकडचा गोठा असेल तर प्रश्न नाही, फक्त हायड्रा (क्रेन) गेटपर्यंतच येणार आणि पुढे पाईपवर सरकवत पहारीने नेणं आलं, त्याची माणसं आधी ठरवा.

काम काय करणार तेही बघा. छोटी मॉडेल इंजिनं, पितळेचे बुश, पेनं असलं काही करायचं तर मिनी लेथ पुरतो. पण स्टीलमध्ये जरा खोल कट घेतला की मशीन थरथरतं, पार्टिंग करताना, म्हणजे तुकडा कापून वेगळा करताना, तर जीव टांगणीला, आणि आल्या आल्या उघडून साफ करून जिब (सरकत्या भागांतला सैलपणा घालवणाऱ्या पट्ट्या) सेट केल्याशिवाय बरा चालत नाही. एलबी १७ मधला १७ म्हणजे सेंटरची, म्हणजे फिरण्याच्या अक्षाची, बेडपासून (खालच्या आडव्या सांगाड्यापासून) उंची १७० मिमी, म्हणजे बेडवर ३४० मिमी व्यासाचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, मिनीवर १८०. एचएमटी १९५३ साली बंगळुरूत स्विस ओर्लिकॉनच्या मदतीने सुरू झाली, त्या काळातलं कास्टिंग बघितलं की फरक सांगावा लागत नाही. हरिहरचा जुना किर्लोस्करही दणकट असतो, पण तो कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली, पार्ट दुसऱ्या जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात.

जुनं घेताना नव्या रंगावर भाळू नका. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या तोंडाजवळ, आणा, त्याचा लॉक थोडा आवळा, इतकाच की हँडल जरा जड लागेल, आणि तसंच दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे फिरवत न्या. चकजवळ सैल आणि तिकडे जाऊन घट्ट बसलं तर बेड पुढच्या बाजूला झिजलाय, कारण आयुष्यभर काम तिथेच झालेलं असतं. थोडी झीज हॉबीला चालते, जास्त असेल तर ग्राइंडिंगच्या खर्चात दुसरा लेथ येईल. मग प्रत्येक स्पीडवर चालवून गिअरबॉक्सचा आवाज ऐका, मालक "एवढं चालतंच हो" म्हणेल, तुम्ही ऐकत राहा.

लाईटचं म्हणाल तर मिनी लेथ घरच्या प्लगवर चालतो. जुन्याला थ्री फेज लागतं, मीटर घेता येत नसेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावा. फक्त सिंगल फेजवरचा साधा व्हीएफडी २३० व्होल्टचं थ्री फेज देतो आणि आपल्या मोटरी ४१५ च्या, तेव्हा मोटरचं टर्मिनल बॉक्स उघडून बघा. ३ एचपीपर्यंतच्या बऱ्याच मोटरी स्टारमध्ये (४१५ व्होल्टसाठीची जोडणी) जोडलेल्या असतात, सहा टोकं बाहेर असली तर डेल्टा (२३० साठीची जोडणी) करून काम होतं, तीनच असली तर रिवाइंडिंगवाल्याकडे न्या. आणि जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये अजिबात ठेवायचा नाही, चालू असताना फिरवला की व्हीएफडी उडू शकतो.

राजकोट-बटाल्याचे नवे लाइट ड्युटी लेथ हा तिसरा पर्याय, पण त्यात क्वालिटी दुकानागणिक बदलते, डायल गेज (बारीक फरक मोजणारं माप) घेऊन स्वतः जाणार असाल तरच. मिलिंग मशीन परवडत नसेल तर जुना शेपर (टूल पुढे-मागे सरकवत कापणारं मशीन) बघा, कारखान्यांना तो नकोसा झालाय म्हणून बऱ्याचदा भंगाराच्याच भावात मिळतो, हळू आहे पण सपाट पृष्ठभाग आणि की-वे (शाफ्टवरच्या किंवा भोकातल्या खाचा) मस्त होतात, टूलही साधं घासून करता येतं.

भाव ठरवताना चेंज गिअर (आट्यांचं माप बदलणारे), फोर जॉ चक, फेसप्लेट (जॉब बांधायची तबकडी) आणि स्टेडी (लांब जॉबचा आधार) आहेत का ते आधी विचारा. भंगारवाला ते सगळं वेगळं विकतो, आणि मागाहून त्या मॉडेलचे चेंज गिअर शोधत बसलात तर आटे पाडायचं काम तोवर तसंच पडून राहणार.