घरगुती पीसीबीसाठी इंकजेट शाई: डाय घ्यावी की पिगमेंट?

घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा तांब्याचा थर असलेला बोर्ड) बनवायला शाईची बाटली विकत घेण्याआधी एकच ठरवा: छपाई थेट तांब्यावर करायची की ट्रान्स्परन्सीवर (पारदर्शक प्लास्टिक शीटवर)? शाईची निवड त्यावरच अवलंबून आहे.

तांब्यावर छापायचं असेल तर डाय शाईचा विचारच सोडा. ती पाण्यात विरघळणारा रंग. फेरिक क्लोराईडमध्ये (नको असलेलं तांबं खाणाऱ्या रसायनात) बोर्ड बुडवला की ट्रॅक (ठेवायच्या तांब्याच्या रेषा) उघडे पडणारच. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, आणि एप्सनच्या ड्युराब्राइटमध्ये प्रत्येक कणावर रेझिनचं आवरण असतं. छापलेला बोर्ड २०० अंश सेल्सियसच्या आसपास भाजला की ते तांब्याला धरून बसतं आणि एचिंग (तांबं खाण्याची ही क्रिया) सोसतं. (जेवणाचा ओव्हन यासाठी वापरू नका.) प्रिंटर मात्र पिएझो हेडचाच (उष्णतेऐवजी दाबाने शाई फेकणारा) हवा, म्हणजे व्यवहारात एप्सन. त्यांच्या एल८०५ प्रिंटरचा ट्रे १.२ मिमी जाडीच्या सीडीसाठी असल्याने ०.८ मिमीचा बोर्ड त्यात चालू शकतो, नेहमीच्या १.६ मिमीसाठी प्रिंटर खोलून हेड वर उचलावं लागतं. शिवाय त्यात मुळात डाय शाई असते, ती बदलावी लागते. पिगमेंटचे कण खाली बसतात, प्रिंटर पडून राहिला की नोझल चोंदतात. म्हणून घरातला रोजचा प्रिंटर यात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बहुतेकांनी फोटोरेझिस्टचा रस्ता धरावा: बोर्डावर प्रकाशाने बदलणारा थर, त्यावर छापलेली ट्रान्स्परन्सी, आणि वरून अतिनील प्रकाश. इथे शाईला रसायन सोसायचं नसतं, फक्त अतिनील प्रकाश अडवायचा असतो. पण डोळ्याला काळं दिसणारं डाय ४०५ नॅनोमीटरच्या एलईडीचा प्रकाश बराच सोडू शकतं. मग निगेटिव्ह ड्राय फिल्म (प्रकाश पडेल तिथे कडक होणारा थर) नको तिथेही कडक होते आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ट्रॅकमधली जागा मोकळी होतच नाही. काळ्या पिगमेंटमधला कार्बन अतिनीलही शोषतो, त्यामुळे पिगमेंट इथेही सरस. तरी घरात डायचा प्रिंटर असेल तर नवा घ्यायची घाई नको. फोटो क्वालिटीवर छापा: काळ्यात पिवळा मिसळतो आणि तो जांभळा-निळा प्रकाश अडवतो. कमी पडलं तर दोन प्रती एकावर एक तंतोतंत जुळवा.

ट्रान्स्परन्सी इंकजेटचीच घ्या; झेरॉक्सच्या शीटवर शाईचे थेंब नुसते गोळा होतात. ओलसर बोटाला चिकट लागते ती छपाईची बाजू. आरसाप्रत छापा, म्हणजे शाई थेट बोर्डाला टेकते आणि कडा धारदार येतात.

चांदीच्या कणांची शाईही मिळते, तिने सर्किट थेट खास कागदावर छापता येतं. पण ती महाग, आणि नेहमीचं सोल्डरिंग त्यावर जमत नाही. पक्क्या बोर्डासाठी ती बाजूलाच ठेवा.

शाई पुरेशी काळी आहे का, हे तपासायला बोर्डाच्या तुकड्यावर एक नाणं आणि शेजारी छापलेला काळा चौकोन ठेवून एक्स्पोजर द्या. धुतल्यावर दोन्हीखालचं तांबं सारखंच स्वच्छ निघालं तर तीच शाई वापरा.