खडबडीत वाटेसाठी व्हीलचेअरचं तिसरं चाक: घ्यावं का?

पायवाटेवर व्हीलचेअर अडते ती बहुतेकदा पुढच्या छोट्या कॅस्टरमुळे. दहा-पंधरा सेंटीमीटरचं ते चाक झाडाच्या मुळापाशी किंवा फळ्यांच्या फटीत अडकतं, खुर्ची जागीच थांबते आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. फूटरेस्टला, म्हणजे पाय ठेवायच्या पाटीला, क्लँपने पकडणारं, साधारण तीस सेंटीमीटर व्यासाचं तिसरं चाक कॅस्टर जमिनीवरून उचलून धरतं. गवत, माती, दाबून बसवलेली खडी यांवर फरक लगेच कळतो. या कामासाठी इतकं साधं दुसरं साधन नाही.

मात्र सगळी गंमत बसवण्यात आहे. एकसंध फ्रेम आणि एकच पक्का फूटरेस्ट असेल तर चाक थेट लागतं. घडीच्या खुर्चीला दोन सुटे फूटरेस्ट असतात. तिथे अडॅप्टर लागतो आणि तरी थोडं हलतंच. प्लास्टिकच्या फूटरेस्टला लावूच नका, तडकतो.

कॅस्टर जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर राहतील असा क्लँप ॲलन कीने (षटकोनी चावीने) जुळवा. कमी उचलले तर दगडांना घासतात. जास्त उचलले तर बैठक मागे कलते, चढावर खुर्ची उलटण्याचा धोका वाढतो, शिवाय खुर्ची मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी अँटी-टिप चाकं जमिनीला टेकू लागतात. चाक ज्या खुंटीवर वळतं ती सपाट जमिनीवर अगदी उभी हवी. ती पुढे-मागे झुकली की वेगात चाक थरथरतं. बाजूला झुकली की खुर्ची एकीकडे ओढते.

चढावर ढकलायचे कष्ट कमी होत नाहीत. १:१२ चा चढ (बारा मीटर अंतरात एक मीटर उंची) दंडांना तेवढाच जड जातो. चाक डावी-उजवीकडे मोकळं वळणारं असेल तर आडव्या उतारावर खुर्ची खालच्या बाजूला वळत राहते. कोरड्या वाळूत मागची अरुंद चाकंच रुततात, तिथे रुंद टायर किंवा अंथरायची चटई हवी.

खुर्चीची लांबी वाढते, हे वाट आखणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं. दुचाक्या रोखायला लावलेल्या नागमोडी कठड्यांत अशी खुर्ची हमखास अडकते.

टायर हवेचाच घ्या आणि पंप सोबत ठेवा. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण खडीचे हादरे थेट पायांपर्यंत येतात; मज्जारज्जूला इजा झालेल्या काहींना त्याने स्पॅझम, म्हणजे स्नायूंचे आपोआप येणारे झटके, सुरू होतात.