नोहाच्या तारवात एक दुपार – स्कर्बॉल सेंटर, लॉस एंजेलिस

आई अलिबागहून आलीये, त्यामुळे तिला आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला दोघींनाही आवडेल असं काहीतरी शोधत होते, शेवटी स्कर्बॉल या इथल्या ज्यू सांस्कृतिक केंद्रातलं नोहाचं तारू बघायला गेलो आणि खरं सांगते, इतकं जीव लावून केलेलं मुलांचं प्रदर्शन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

2007 पासून आहे हे. ज्यू परंपरेतली जलप्रलयाची गोष्ट, म्हणजे देवाच्या सांगण्यावरून नोहाने तारू, मोठं जहाज, बांधून प्राण्यांच्या जोड्या पुरातून वाचवल्या ती, पण लहान मुलांनी स्वतः करायची. आधी हँडल फिरवून वादळ आणायचं, वारा, पाऊस, विजा सगळं, मग पट्ट्यावरून प्राण्यांच्या जोड्या तारवात चढवायच्या आणि मग आत शिरायचं. आत छताला भिडलेलं लाकडी तारू आणि 186 जातींचे प्राणी, बरेचसे जुन्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेले! मगरीचं तोंड म्हणजे चक्क व्हायोलिनची पेटी, मी किती वेळ तिथेच उभी होते.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे आत गेल्यावर मुलांना काम असतं. प्राण्यांना भरवायचं, त्यांची खोटी खोटी शी साफ करायची. लेकीने तर फावडं सोडलंच नाही हातातून. आणि ही गोष्ट ज्यू परंपरेच्या अगदी गाभ्यातली आहे बरं का. तालमुद या ज्यूंच्या प्राचीन धर्मग्रंथात नोहाचा मुलगा सांगतो की तारवात फार हाल झाले, दिवसा खाणाऱ्यांना दिवसा आणि रात्री खाणाऱ्यांना रात्री भरवावं लागायचं. एका छोट्या प्राण्याला काय चालतं तेच कळेना, एकदा नोहा डाळिंब कापत होता, त्यातून अळी पडली आणि ती त्या प्राण्याने गट्टम केली, तेव्हा कुठे कळलं. आणि सिंहाला जेवण द्यायला उशीर झाला तर त्याने नोहालाच जखमी केलं अशीही कथा आहे. म्हणजे 300 हात लांबीचं जहाज बांधणं एक वेळ सोपं, पण वर्षभर एवढ्या जिवांचं खाणंपिणं बघणं हे खरं काम. या कथा मी गाडीतच सांगून ठेवल्या होत्या, तुम्हीपण सांगा, मुलं मग सिंहाला आधी भरवायला पळतात :)

आई मात्र वेगळ्याच गोष्टीत रमली. ती म्हणाली, अगं आपल्या अलिबागजवळच्या नवगावच्या बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची पण पाण्यातून वाचल्याचीच गोष्ट ना, जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका किनाऱ्याला लागले. आईच्या शेजारची बाई लहानपणी तिला हे सांगायची म्हणे. मला हे माहीतच नव्हतं! इतक्या वर्षांत आईने कधी विषयच काढला नव्हता.

तिकीट आधीच वेळ ठरवून ऑनलाइन काढा, आणि निदान दोन तास हाताशी ठेवा. मुलं तीन ते आठ वर्षांची असतील तर एकदम बेस्ट. बाहेर नेड कान या कलाकाराने केलेला धुक्याचा मांडव आहे, तो अजिबात चुकवू नका, ऊन नीट कोनात असलं की त्यात इंद्रधनुष्य उमटतं. ज्यू लोक इंद्रधनुष्य दिसलं की पुन्हा असा प्रलय आणणार नाही हा देवाने केलेला करार आठवून आशीर्वचन म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा चार वाजले होते, आधी काहीच दिसेना, मग आईनेच दाखवलं, तिच्या पदराशी अगदी जवळ.